सातशे साठ डॉलर आणि एक अर्ज

अमेरिकेचं नागरिकत्व मागायचं तर एन-४०० नावाचा अर्ज भरावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी ७६० डॉलर आहे. ऑनलाइन भरला तर ७१०. रुपयांत पासष्ट हजारांच्या आसपास. पण रुपयांतला आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण हे पैसे भरणारा माणूस डॉलरमध्ये कमावतो आणि घरभाडंही डॉलरमध्येच देतो. मोजायचं तर तासांत मोजावं. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडलेलं आहे. त्या दराने राबणाऱ्याला कागदी एन-४०० च्या फीसाठी एकशे पाच तास काम करावं लागतं. अडीच आठवड्यांहून जास्त, तेही त्या काळात पोटाला काही न खाता. नवरा-बायको दोघांचे अर्ज असतील तर हिशेब दुप्पट. १९९८ साली हीच फी ९५ डॉलर होती आणि किमान वेतन ५.१५, तेव्हा साडेअठरा तासांच्या कामात ती भागायची.

ज्याला हे पैसे देणं शक्यच नाही, त्याच्यासाठी तिथल्या नियमांत एक वाट आहे. आय-९१२ हा फीमाफीचा अर्ज. मूळ अर्जासोबत तो पाठवायचा. मंजूर झाला तर फी पूर्ण माफ होते आणि मूळ अर्ज इतरांच्या अर्जासारखाच पुढे सरकतो. ही सवलत सरसकट नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला आहे, ग्रीनकार्डाच्या नूतनीकरणाला आहे, छळातून सुटलेल्यांच्या काही अर्जांना आहे. नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसाला नाही, आईवडिलांना किंवा भावाला बोलावून घेण्याच्या अर्जालाही नाही. गेल्या पंधरा वर्षांत या एका अर्जाचं जे झालं ते पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते. गरिबाला सवलत मिळणार की नाही हे कायद्याच्या कलमात जितकं ठरतं, तितकंच ती मागायला कोणता कागद लागतो यावर ठरतं.

अमेरिकेतला भारतीय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातलं घर, दोन गाड्या आणि दर उन्हाळ्यात येणारी नातवंडं उभी राहतात. ते चित्र खोटं नाही; तिथल्या वांशिक समूहांमध्ये भारतीयांचं कौटुंबिक उत्पन्न सर्वांत वरच्या पायरीवर आहे. पण प्यू रिसर्च सेंटरच्या अलीकडच्या विश्लेषणाप्रमाणे सुमारे ६ टक्के भारतीय अमेरिकन दारिद्र्यरेषेखाली जगतात. बावन्न लाखांच्या समाजात हे तीन लाखांच्या घरात जातं. शेजारच्या नेपाळी आणि बांगलादेशी समाजांत हे प्रमाण याहून बरंच जास्त आहे. दुकानाच्या गल्ल्यावर, मोटेलच्या धुलाईत, दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात ज्यांचा दिवस जातो अशी ही माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती दिसत नाहीत, कारण शनिवार-रविवारीच त्यांची पाळी असते.

या मंडळींना नागरिकत्व कशाला हवं? मतासाठी हवंच. हद्दपारीची टांगती तलवार दूर व्हावी म्हणूनही हवं. पण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत त्याला पोटाची बाजू आहे. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने परकीयांवर मोठी बंधनं आली. वृद्ध आणि अपंग गरिबांना दरमहा रोख मदत देणारी एसएसआय नावाची योजना आहे. ग्रीनकार्डधारकाला ती मिळायची तर साधारणपणे चाळीस तिमाह्यांच्या, म्हणजे दहा वर्षांच्या नोकरीची नोंद लागते. साठीत मुलाकडे आलेल्या आईच्या नावावर ती कुठून असणार? निर्वासितांना ही मदत मिळते, पण सात वर्षंच. त्या मुदतीत नागरिक व्हा, नाहीतर पैसे बंद.

या सात वर्षांच्या मुदतीचा चटका कुणाला बसतो हे भूतानच्या निर्वासितांकडे पाहून कळतं. भूतानने हाकलून दिलेली ही नेपाळीभाषक माणसं जवळजवळ दोन दशकं नेपाळमधल्या छावण्यांत राहिली आणि २००८ पासून त्यांना अमेरिकेत वसवण्यात आलं. पेनसिल्व्हेनिया, ओहायोसारख्या राज्यांत त्यांच्या वस्त्या झाल्या. त्यांच्यातल्या कित्येक आजी-आजोबांना मातृभाषाही लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्यासाठी नागरिकत्वाची वाट म्हणजे इंग्रजी, अमेरिकेच्या राज्यघटनेवरचे प्रश्न, प्रकृतीमुळे परीक्षा झेपत नसेल तर डॉक्टरने भरलेला सूट मागणारा वेगळा फॉर्म, आणि या सगळ्याच्या आधी फी. ज्याची मिळकत म्हणजे एसएसआयची रक्कम, त्याने ती रक्कम चालू राहावी म्हणून ७६० डॉलर जमवायचे. फीमाफी नसती तर हा हिशेब जुळलाच नसता.

ही फी इतकी का? कारण अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खातं, यूएससीआयएस, जवळजवळ सगळं अर्जदारांच्या फीवरच चालतं. संसदेकडून त्याला मिळणारा पैसा नगण्य आहे. परक्या माणसाच्या व्यवस्थेचा खर्च परक्या माणसाकडूनच काढायचा, ही रीत जुनी आहे. १८८२ च्या कायद्याने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी उतारूमागे पन्नास सेंटचा कर बसवला होता. १९१७ पर्यंत तो आठ डॉलरवर गेला. आजचं फीचं खातं १९८८ साली उघडलं गेलं. त्यामागच्या कायद्यात असंही म्हटलं आहे की, आश्रय मागणाऱ्यांना आणि इतर काही स्थलांतरितांना ज्या सेवा विनाशुल्क दिल्या जातात त्यांचाही खर्च बाकीच्यांच्या फीतून वसूल करता येईल. तेव्हापासून हिशेबाची सूत्रं खात्याच्या हाती गेली. कामाचा ढीग वाढला, तपासण्या वाढल्या, कर्मचारी वाढले की फी वाढते. १९९९ च्या सुरुवातीला नागरिकत्वाची फी ९५ वरून एकदम २२५ झाली. २००७ साली बोटांच्या ठशांसह ६७५.

याचा अर्थ असा की, हिंजवडीतल्या इंजिनियरसाठी त्याची कंपनी एच-१बीच्या अर्जामागे जी रक्कम भरते, तिच्यातूनच अप्रत्यक्षपणे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एखाद्या आयाबाईचा नागरिकत्वाचा अर्ज तपासला जातो. २०२४ च्या नियमाने तर नोकरी देणाऱ्या कंपन्यांवर आश्रयाच्या कामकाजासाठी ६०० डॉलरची वेगळी आकारणी बसवली. लहान धंद्यांना निम्मी, ना-नफा संस्थांना काहीच नाही. यावर तक्रार करणारे आहेत. कुणाचा तरी खर्च मी का उचलायचा, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पण प्रश्न मला चुकीच्या दाराशी विचारलेला वाटतो. कोण नागरिक होतो यात साऱ्या देशाचा संबंध आहे. तो खर्च देशाच्या तिजोरीतून व्हायला हवा. तो तिथून होत नाही म्हणून एक अर्जदार आणि दुसरा अर्जदार समोरासमोर उभे राहतात.

न्यायालयाकडून फीमाफीचा हक्क मिळण्याची आशा आहे का? फारशी नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉडी खटल्यात सांगितलं होतं की, घटस्फोट मागणाऱ्या गरिबाला फी नाही म्हणून न्यायालयाच्या दारातून परत पाठवता येणार नाही. दोनच वर्षांनी क्रास खटल्यात मात्र निकाल फिरला. बेकार झालेल्या, आजारी मुलाच्या बापाला दिवाळखोरी जाहीर करायची होती आणि तिची पन्नास डॉलर फी त्याच्याकडे नव्हती. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, फी हप्त्याने भरता येते. आठवड्याचा हप्ता सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी पडतो. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधात लिहिलेलं मत आजही वाचावं असं आहे. गरीब माणूस कसा जगतो याच्या ऐकीव समजुतींवर राज्यघटनेचा अर्थ लावणं त्यांना लाजिरवाणं वाटलं. ज्यांना सिनेमाला जाणंच परवडत नाही अशी माणसं या देशात आहेत, हे त्यांनी सहकाऱ्यांना सुनावलं. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३ निर्धन माणसाला कोर्ट फीशिवाय दावा लावू देतो. अमेरिकेतली स्थलांतराची फीमाफी मात्र बहुतांशी खात्याच्या नियमावर टेकलेली आहे. सरकार बदललं की ती हलते.

या नियमाच्या इतिहासात एक तारीख महत्त्वाची आहे. २३ नोव्हेंबर २०१०. त्याआधीही माफी मिळत होती, पण तिचा छापील अर्जच नव्हता. अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहायचं, आपली परिस्थिती मांडायची, सोबत सुचतील ते पुरावे जोडायचे. काय लिहिलं म्हणजे पुरतं, कोणतं उत्पन्न कमी समजलं जातं, हे कुणालाच नीट ठाऊक नसायचं. दोन सारख्याच माणसांपैकी एकाला माफी मिळे, दुसऱ्याचं पाकीट परत येई. इंग्रजीत पत्र लिहिता येणारा गरीब आणि न येणारा गरीब यांच्यात खात्याने नकळत फरक केला होता. २०१० साली आय-९१२ आला आणि त्याबरोबर स्पष्ट कसोट्या आल्या. फी तीच, कायदा तोच, पात्र माणसंही तीच. बदलला तो फक्त कागद.

स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या बदलाचा परिणाम मोजला. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. छापील अर्ज आल्यावर कमी उत्पन्नाच्या पात्र स्थलांतरितांमध्ये नागरिक होण्याचं प्रमाण दीड टक्केबिंदूंनी वाढलं. दीड हा आकडा ऐकायला लहान आहे. संशोधकांच्या हिशेबाने त्याचा अर्थ दर वर्षी सुमारे ७३ हजार माणसं, ज्यांनी एरवी अर्जच केला नसता. एका शहराइतकी माणसं दर वर्षी. आणि वाढ सर्वांत जास्त कुणात झाली, तर ज्यांच्या वाटेत सर्वाधिक अडचणी असतात त्यांच्यात.

आता हा अर्ज आत कसा आहे ते पाहू. माफीला तीन दारं आहेत. पहिलं, अर्जदाराला, जोडीदाराला किंवा घरातल्या मुलाला उत्पन्न पाहून दिली जाणारी सरकारी मदत चालू असणं: मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), फूड स्टॅम्प (आता त्याला स्नॅप म्हणतात), एसएसआय, गरजू कुटुंबांची रोख मदत. बेकारभत्ता किंवा वृद्धांचा आरोग्यविमा मेडिकेअर यात धरत नाहीत, कारण ते गरिबी पाहून दिले जात नाहीत. दुसरं दार, घराचं उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत असणं. तिसरं, आर्थिक संकट: आजारपणाची बिलं, गेलेली नोकरी, घराबाहेर काढण्याची नोटीस. या तिसऱ्या दारातून जायचं तर खर्चाचा, कर्जाचा, शिलकीचा सगळा पाढा वाचावा लागतो.

पहिलं दार सर्वांत सोपं, आणि त्याची रीत महाराष्ट्रातल्या माणसाला चटकन कळेल. इथे पिवळं रेशनकार्ड हातात असलं की दहा ठिकाणी उत्पन्न सिद्ध करत बसावं लागत नाही. एका खात्याने तपासलं ते दुसरं खातं मान्य करतं. तिथेही तेच तत्त्व. फूड स्टॅम्प देणाऱ्या कार्यालयाने कुटुंबाची मिळकत आधीच पाहिली आहे, मग पुन्हा कशाला पाहायची? पण कागद बरोबर हवा. फूड स्टॅम्पचं प्लास्टिकचं कार्ड, ज्याने दुकानात दूध-पाव घेता येतो, त्याची नुसती झेरॉक्स जोडून भागत नाही. अर्जदाराचं नाव, मदतीचा प्रकार, देणारं कार्यालय आणि मदत आज चालू असल्याची तारीख, एवढं असलेलं पत्र लागतं. हे पत्र मागवावं लागतं, ते पोस्टाने येतं, आणि घर बदललं असेल तर जुन्या पत्त्यावर जातं. आपल्याकडे तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दाराचं गणित जरा थांबून पाहण्यासारखं आहे. दारिद्र्यरेषेची मूळ कल्पना सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात मांडली. त्यांनी सर्वांत स्वस्त पोषक आहाराचा खर्च घेतला आणि त्याला तीनने गुणलं, कारण १९५५ च्या पाहणीत कुटुंबं मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करताना दिसली होती. आज भाडं, दवाखाना आणि पाळणाघर यांनी अन्नाला केव्हाच मागे टाकलं, पण रेषेचा पाया तोच राहिला. दर वर्षी फक्त महागाईची भर पडते. शिवाय अलास्का आणि हवाई सोडले तर सगळ्या देशाला एकच रेषा. मिसिसिपीतल्या खेड्याला जी, तीच मॅनहॅटनला. २०२५ साली एकट्या माणसासाठी ती वर्षाला १५,६५० डॉलर होती आणि चौघांच्या घराला ३२,१५०. दीडपट केली की २३,४७५ आणि ४८,२२५.

आता न्यू जर्सीतला एकटा कामगार घ्या. तिथलं किमान वेतन २०२५ साली १५.४९ डॉलर. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही खाडा न करता त्याला ३२ हजारांच्या वर मिळतात. म्हणजे राज्यातल्या सर्वांत कमी कायदेशीर मजुरीवर राबणारा हा माणूस उत्पन्नाच्या दारातून फीमाफीत बसत नाही. जर्सी सिटीत भाड्याच्या खोलीत राहून त्याच्या हातात काय उरतं ते त्यालाच ठाऊक. त्याला मिळते ती अर्धी सवलत: २०२४ पासून दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना नागरिकत्वाची फी ३८० डॉलर केली आहे. चांगला बदल आहे तो. पूर्वीची कमी फीची मर्यादा दुपटीपर्यंतच होती.

आपल्याकडून गेलेल्या आईवडिलांचं प्रकरण आणखी वेगळं. ते मुलाच्या घरात, मुलाच्या आधाराने राहत असतील तर घरातला कर्ता मुलगा ठरतो आणि त्याची मिळकत हिशेबात येते. ते रास्तच आहे. मुलाने त्यांना आणताना त्यांच्या पोषणाची हमी लिहून दिलेली असते. पण मुलाची नोकरी गेली, घर मोडलं, आई वेगळी राहू लागली, असंही होतं. अशा वेळी परिस्थिती कागदावर मांडणं हे कामापेक्षा मनाला जड जातं. मुलगा सांभाळत नाही असं परक्या सरकारला लिहून देणं मराठी आईच्याने होत नाही. ती अर्जच करत नाही, ग्रीनकार्डाचं नूतनीकरण करत राहते.

माफी नाकारली गेली तर काय होतं? तिच्यावर अपील नाही. मूळ अर्ज आणि माफीचा अर्ज दोन्ही परत येतात, जणू काही कधी पाठवलेच नव्हते. अर्जदार पुन्हा भरू शकतो, नवा पुरावा लावून किंवा पैसे भरून. पण दाखल तारीख नवी धरली जाते. ज्याची सात वर्षांची मुदत संपत आली आहे, किंवा ज्याला निवडणुकीआधी नागरिक व्हायचं आहे, त्याच्या दृष्टीने हे काही आठवडे म्हणजे सगळंच असतं. पहिल्या वेळीच लिफाफा नीट भरलेला असणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं.

आणि म्हणूनच ती मोफत शिबिरं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा ‘सिटिझनशिप नाऊ’ हा उपक्रम १९९७ पासून चालू आहे. २०११ पासून ‘न्यू अमेरिकन्स कॅम्पेन’ या नावाखाली अनेक शहरांतल्या संस्था एकत्र आल्या. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात टेबलं मांडलेली असतात. पहिल्या टेबलावर पात्रता पाहतात, दुसऱ्यावर अर्ज भरून घेतात, तिसऱ्यावर माफीचे पुरावे लावतात आणि शेवटी वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी सगळं तपासतो. क्वीन्समधल्या फ्लशिंगमध्ये साउथ एशियन कौन्सिल फॉर सोशल सर्व्हिसेस ही संस्था दक्षिण आशियाई भाषांत असं साहाय्य करते. याच्या उलट टोकाला कोपऱ्यावरची दुकानं आहेत, जिथे पासपोर्टचे फोटो, विमानाची तिकिटं आणि इमिग्रेशनचे फॉर्म एकाच काउंटरवर मिळतात. तिथे बसलेला माणूस वकील नसतो. फीमाफी अशी काही चीज आहे हे तो सांगेलच असं नाही, आणि चुकीचा भरलेला अर्ज अर्जदाराला हद्दपारीच्या सुनावणीपर्यंतही नेऊ शकतो.

माफी आहे हे ठाऊक नसणं ही फार मोठी अडचण आहे. ती किती मोठी, आणि नुसती फीच किती अडवते, या दोन्हींचं मोजमाप झालं आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१६ साली एक योजना सुरू केली. माफीत न बसणाऱ्या पण कमी उत्पन्नाच्या ग्रीनकार्डधारकांमधून सोडत काढून काहींची फी भरायची. फी भरली गेलेल्यांमध्ये अर्ज करण्याचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे ही माणसं आळशी नव्हती, देशाबद्दल उदासीन नव्हती. त्यांच्याकडे पैसे नव्हते, एवढंच. दुसऱ्या एका प्रयोगात माफीला पात्र असलेल्यांना फक्त कळवलं गेलं की, तुमची फी माफ होऊ शकते. एवढ्यानेच अर्ज करणारे २४.५ टक्क्यांवरून ३३.१ टक्क्यांवर गेले. एका निरोपाने.

जो कागद सोपा केल्याने इतकी माणसं आत आली, तो अवघड केला की किती बाहेर राहतील हे उघड आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने नेमकं तेच केलं. पहिलं दार बंद. मेडिकेड किंवा फूड स्टॅम्पचं पत्र आता पुरावा नाही. उत्पन्न सिद्ध करायला करखात्याकडून काढलेला अधिकृत उतारा आणा. खात्याचा मुद्दा असा की, मदत योजनांच्या उत्पन्नमर्यादा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत, त्यामुळे माफी सगळीकडे सारखी मिळत नाही. मुद्द्यात तथ्य आहे. पण सारखेपणा आणण्याचा उपाय म्हणून सगळ्यांची वाट सारखीच खडतर करणं मला पटत नाही. सिएटल शहर आणि इतरांनी दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने, लोकांना सूचना न देता व हरकती न मागवता असा बदल करता येणार नाही या मुद्द्यावर, तो थांबवला.

पुढच्या वर्षी घाव मोठा होता. ऑगस्ट २०२० च्या नियमाने नागरिकत्वाची फी १,१७० डॉलरवर नेली आणि फीमाफी जवळजवळ संपवलीच. कौटुंबिक हिंसा आणि मानवी तस्करीचे बळी अशा ज्या गटांना संसदेनेच कायद्याने माफीचा अर्ज करू दिला आहे, बहुतेक तेवढेच उरले. २ ऑक्टोबरपासून नियम लागू व्हायचा होता. २९ सप्टेंबरला न्यायालयाने तो अडवला. कारण गरिबांचा हक्क हे नव्हतं. ज्या प्रभारी मंत्र्यांच्या नावाने नियम निघाला त्यांची नेमणूकच वैध दिसत नाही, हे एक मोठं कारण होतं. त्याच काळात ग्रीनकार्ड मागणाऱ्यांसाठी आणखी एक नियम होता: माणूस सरकारवर भार ठरेल का हे तपासताना त्याने पूर्वी फीमाफी घेतली होती का हेही पाहायचं. म्हणजे माफी मागणं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. मार्च २०२१ मध्ये तो नियम गेला, पण भीती राहिली. नागरिकत्वाच्या अर्जाला ही ‘भार’ची कसोटी लागूच होत नाही, हे शिबिरांमधून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते त्यामुळेच.

बायकांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आपल्या मुली आहेत. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, आणि त्या मूळ अर्जाला फी नाही. एच-१बीवरच्या नवऱ्यामागे गेलेल्या बायकोला ती वाट नाही. पण छळ सिद्ध झाला तर तिला काम करण्याचा परवाना मागता येतो. बँकेचं खातं नवऱ्याच्या हातात, कागद त्याच्या कपाटात, अशा अवस्थेत घर सोडलेल्या स्त्रीकडून फी मागणं म्हणजे तिला परत पाठवणं आहे. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हे काम करते आहे. ज्यांच्या घरातली मुलगी तिकडे आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

नागरिकत्वाची फीमाफी आज टिकून आहे. दुसऱ्या बाजूने मात्र एक नवी भिंत उभी राहिली. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या कायद्याने स्थलांतराच्या कित्येक अर्जांवर वेगळी फी लावली. आश्रयाचा अर्ज करायला १०० डॉलर, आणि तो निकाली निघेपर्यंत दर वर्षी आणखी १००. आश्रय मागणाऱ्याच्या पहिल्या काम-परवान्याला ५५०. मायदेशी युद्ध किंवा आपत्ती असल्याने तात्पुरतं संरक्षण मागणाऱ्याला ५००, जिथे आधी ५० होते. या रकमा दर वर्षी महागाईप्रमाणे वाढायच्या आहेत. आणि त्या माफ किंवा कमी करता येणार नाहीत, हे कायद्यातच लिहिलं आहे. तोपर्यंत अमेरिकेत आश्रय मागायला पैसे पडत नव्हते. परवाना मिळेपर्यंत या माणसाला काम करायची बंदी आहे, आणि परवाना मागायला साडेपाचशेहून जास्त डॉलर हवेत. ते त्याने कुठून आणायचे याचं उत्तर कायद्यात नाही. भारतातून आश्रय मागायला जाणाऱ्यांत पंजाब, हरियाणा आणि गुजरातची माणसं अधिक आहेत, मराठी थोडी. त्यांच्या अर्जांच्या खरेखोटेपणाबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण तो खरेखोटेपणा अधिकाऱ्यासमोर तपासला जायचा असतो, पैसे भरण्याच्या टप्प्यावर नव्हे.

याला जोडून पैसे भरण्याची पद्धतही बदलली. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी अर्जांसोबत चेक किंवा मनीऑर्डर चालत नाही. कार्ड लागतं किंवा बँकखात्यातून थेट वजावट. बँकखातं नसलेली पन्नास लाखांहून अधिक घरं त्या देशात आहेत. त्यांना अपवाद मागता येतो, आणि तो मागायला आणखी एक फॉर्म आहे.

संसदेने खात्याला खर्चाचा पैसा थेट द्यावा, निदान नागरिकत्वाच्या कामापुरता तरी, ही मागणी तिथल्या संस्था वर्षानुवर्षं करत आहेत. ती मान्य होईल तेव्हा होईल. तोवर तिकडे कुणी आपलं असेल तर त्यांच्यासाठी एवढं: मदतीचं पत्र अर्ज पाठवण्याच्या थोडं आधीच मागवा, त्यावरची तारीख ताजी हवी. नाव पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे लिहा; आपल्याकडची वडिलांचं नाव मध्ये घालण्याची पद्धत तिथल्या कागदांवर एकसारखी उतरलेली नसते. माफीच्या अर्जावर सही करायला विसरू नका. सही नसलेला अर्ज तपासलाच जात नाही. पाठवण्याआधी सगळ्या पाकिटाची एक प्रत घरी ठेवा. फॉर्म भरून देणारा माणूस वकील आहे का, की न्याय खात्याने मान्य केलेला प्रतिनिधी, हे त्याला तोंडावर विचारा. आणि फी आपल्या आवाक्याबाहेरची आहे असं कुणी म्हणालं, तर तिची माफी मागता येते, हे त्यांना आजच कळवा.